हरणांच्या रानात कुत्र्याला फिरवताना

रानात फिरायला नेलेला पाळीव कुत्रा घरी कितीही शांत असला, तरी हरणाच्या लेखी तो लांडग्याच्या कुळातला शिकारी प्राणीच असतो. त्याला खेळायचे आहे की पकडायचे आहे, हा भेद हरीण करू शकत नाही. वास आला, पावलांचा आवाज आला किंवा झुडपांमागे काही हलले, की पळून जाणे किंवा दबून राहणे एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून अशा रानात कुत्र्याला नेणाऱ्याची जबाबदारी हरीण दिसल्यावर सुरू होत नाही. कोणत्या वेळी जायचे, कोणत्या वाटेने जायचे, कुत्रा किती लांबीच्या दोरावर राहील आणि हाक मारल्यावर तो खरोखर परत येतो का, हे सारे घरातून निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. एकदा हरीण उधळले आणि कुत्रा त्याच्या मागे सुटला, की ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

आपल्या कुत्र्याने आजवर एकही हरीण पकडलेले नाही, असे अनेक जण समाधानाने सांगतात. परंतु नुकसान होण्यासाठी हरीण पकडलेच जावे लागते असे नाही. जिवाच्या आकांताने पळालेल्या हरणाच्या स्नायूंवर इतका ताण येऊ शकतो की स्नायूंच्या पेशी मरू लागतात, रक्तातील आम्लता वाढते, मूत्रपिंडावर व हृदयावर परिणाम होतो आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी ते हरीण कोठेतरी आडबाजूला मरून पडते. पशुवैद्यकात या अवस्थेला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. शिवाय घाबरून पळणारे हरीण कुंपणाच्या तारेत अडकते, रस्त्यावर वाहनासमोर येते, पाडसापासून तुटते. कुत्रा दहा मिनिटांत धापा टाकत परत आलेला असतो आणि मालकाला वाटते की काहीच घडले नाही.

पाठलाग न होताही परिणाम होतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डरजवळच्या रानांमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की जेथे कुत्र्यांना परवानगी होती, तेथे म्यूल जातीच्या हरणांचा वावर वाटेपासून किमान शंभर मीटरपर्यंत कमी झाला होता, तर जेथे कुत्र्यांना बंदी होती, तेथे हा परिणाम सुमारे पन्नास मीटरपर्यंतच होता. म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना चाऱ्याचा आणि आसऱ्याचा एक रुंद पट्टा हरणांच्या हातून जातो. कुत्रा वाट सोडून झुडपांत शिरू लागला, तर हा पट्टा आणखी रुंदावतो.

प्रवेश आहे का, हे आधी पाहावे

याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण यात मतभेदाला जागा नाही. पुष्कळ देशांतील राष्ट्रीय उद्यानांत व अभयारण्यांत पाळीव कुत्रे नेण्यास बंदी असते. काही ठिकाणी वर्षभर परवानगी असते, तर काही ठिकाणी विणीच्या महिन्यांत वेगळे नियम लागू होतात. इंग्लंडमध्ये, उदाहरणार्थ, खुल्या प्रवेशाच्या जमिनींवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा जास्तीत जास्त दोन मीटर लांबीच्या लीशवर, म्हणजे त्याला धरून ठेवण्याच्या पट्ट्यावर किंवा दोरीवर, ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रवेशद्वाराजवळचा फलक उभे राहून पूर्ण वाचावा आणि शंका असल्यास वनरक्षकाला विचारावे. बंदी असेल तेथे कुत्रा छोटा आहे, म्हातारा आहे किंवा कडेवर घेतलेला आहे, ही सबब सांगू नये.

लसीकरणाचाही विचार येथेच करावा. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग पाळीव कुत्र्यांकडून रानातील प्राण्यांकडे जाऊ शकतात. १८८६-८७ मध्ये लंडनजवळच्या रिचमंड पार्कमधील हरणांत रेबीज पसरला आणि दोनशेहून अधिक हरणे दगावली. ज्या कुत्र्याच्या लसी वेळेवर झालेल्या नाहीत, त्याला रानात नेऊच नये.

वेळ आणि ऋतू

बहुतेक जातींची हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त हिंडतात. त्या वेळी ती दाट झाडीतून बाहेर पडून चरायला मोकळ्या जागी येतात, पाणवठ्यावर जातात आणि नेमकी आपल्या वाटा ओलांडतात. कुत्र्याला फिरवण्याची आपली सोयीची वेळही बहुधा हीच असते, ही खरी अडचण आहे. हरणांच्या रानात जायचे असेल, तर ऊन चांगले वर आल्यानंतर जावे आणि दिवस कलण्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडावे. उन्हाळ्यात दुपार कुत्र्याला सोसवणार नसेल, तर त्या दिवशी रान टाळून दुसरीकडे फिरवणे योग्य. दिवसा हरणे झाडीत बसून रवंथ करत असतात, म्हणून दिवसाच्या फेरीत मळलेली वाट सोडायची नाही, हा नियम अधिकच महत्त्वाचा ठरतो.

ऋतूंमध्ये दोन काळ विशेष जपण्याचे आहेत: पाडसांचा आणि माजाचा. युरोपसारख्या समशीतोष्ण प्रदेशांत रो नावाच्या लहान हरणांची आणि मोठ्या लाल हरणांची पाडसे मुख्यतः मे ते जुलैच्या दरम्यान जन्मतात. लाल हरणांचा माज साधारण सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरभर चालतो, तर रो हरणांचा माज जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. उष्ण प्रदेशातील चितळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पाडसे जन्मू शकतात, म्हणून अशा रानात बाराही महिने पाडस आसपास असेल असे धरूनच चालावे. जेथे हिवाळा कडक असतो, तेथे तोही काळ नाजूक मानावा. बर्फ पडून चारा दुर्मिळ झाला की हरणे हालचाल कमी करून शरीरातील शक्ती वाचवत असतात आणि अशा वेळी एक पळापळही त्यांना फार महाग पडते.

लीश, लांब दोर आणि हार्नेस

माझे मत स्पष्ट आहे: हरणे असलेल्या रानात कुत्रा मोकळा सोडू नये. हाकेला उत्तम प्रतिसाद देणारे कुत्रे असतात, हे खरे आहे. पण दहा पावलांवरून हरीण उसळून धावले, तरी जागच्या जागी थांबणारे कुत्रे फार थोडे असतात आणि आपला कुत्रा त्यांतला आहे की नाही, याची परीक्षा जिवंत हरणावर घेणे न्याय्य नाही. पाठलाग हा कुत्र्याच्या शिकारी वृत्तीचा भाग आहे. शोधणे, रोखून पाहणे, दबकत जाणे, धावणे आणि पकडणे अशी ती साखळी असते. निरनिराळ्या जातींत माणसाने तिची निरनिराळी कडी बळकट केली आहे. ग्रेहाउंडसारखे कुत्रे हालचाल दिसताच धावतात, बीगल नाक जमिनीला लावून माग काढत मैलभर जाते, तर मेंढ्या राखणाऱ्या जातींना रोखून पाहण्याची व वळवण्याची ओढ असते. पाठलागाचा आनंद पाठलागातच असतो, त्यामुळे हरीण हाती लागले नाही तरी कुत्र्याला बक्षीस मिळालेलेच असते, आणि एकदा ती चव लागली की पुढच्या वेळी त्याला आवरणे अधिक अवघड होते.

अरुंद वाटेवर, दाट झाडीत आणि पाडसांच्या काळात दीड ते दोन मीटरची साधी लीश वापरावी. जेथे दूरवर दिसते आणि वाट रुंद आहे, तेथे पाच ते दहा मीटरचा लांब दोर चालतो. त्यावर कुत्र्याला हुंगायला मोकळीक मिळते आणि आपला ताबाही राहतो. परंतु लांब दोर कधीही गळ्याच्या पट्ट्याला बांधू नये. दहा मीटर धावत गेलेला कुत्रा दोर संपल्यावर जेव्हा झटक्याने थांबतो, तेव्हा तो सगळा हिसका त्याच्या मानेला आणि श्वासनलिकेला बसतो. पाठीवर कडी असलेला, छातीभोवती नीट बसणारा हार्नेस त्यासाठी घ्यावा. पट्टे आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे जावीत इतकाच तो सैल असावा, कारण फार सैल हार्नेसमधून घाबरलेला किंवा उतावळा कुत्रा मागे सरकून चटकन बाहेर पडतो.

लांब दोर हाताळणे हे शिकण्याचे काम आहे. तो मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये, कारण मोठ्या कुत्र्याच्या एका ओढीने बोट मोडू शकते. एका हातात दोराच्या मोठ्या, सैल घड्या धराव्यात आणि दुसऱ्या हाताने तो सोडावा किंवा ओढून घ्यावा. कुत्रा जवळ आला की लगेच दोर गोळा करावा, म्हणजे तो पायांत किंवा खोडांभोवती अडकत नाही. ओल्या रानात चिखल न धरणारा, गुळगुळीत लेप असलेला दोर बरा पडतो. सुती दोर भिजून जड होतो. बटण दाबून लांबवायची, डबीत गुंडाळली जाणारी लीश मात्र रानात आणू नये. तिचा बारीक दोर हात कापतो, आणि डबी हातून निसटली तर ती खडखडत मागे येत असल्याने कुत्रा भेदरून आणखी वेगाने पळत सुटतो.

परत बोलावण्याचा सराव

लीश हातात असली तरी हाकेला येण्याची सवय लावलीच पाहिजे, कारण कडी तुटू शकते आणि दोर हातून सुटू शकतो. यासाठी रोजच्या बोलण्यात नसलेला एखादा शब्द किंवा शिटी निवडावी. कुत्र्याचे नाव दिवसभरात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला हाकेचे वजन राहत नाही. सुरुवात घरात करावी: शिटी वाजवायची आणि कुत्र्याला अत्यंत आवडणारा, एरवी कधी न मिळणारा खाऊ लगेच द्यायचा. नंतर अंगणात, मग शांत मैदानात, मग लांब दोरावर रानाच्या कडेला, असे टप्प्याटप्प्याने पुढे जावे. कुत्रा येणारच नाही अशी खात्री असताना शिटी वाजवू नये. दुर्लक्षित झालेली प्रत्येक शिटी पुढच्या शिटीची किंमत कमी करते. तसेच उशिरा आला म्हणून त्याला कधीही रागावू नये, कारण त्यातून तो एवढेच शिकतो की मालकाजवळ जाणे सुखाचे नाही.

याच्या जोडीला मागे वळण्याचा सराव अतिशय उपयोगी पडतो. चालताना अचानक ठरलेला शब्द उच्चारून आपण उलट दिशेने वळायचे आणि कुत्रा वळून बरोबरीला आला की खाऊ द्यायचा. हे इतके अंगवळणी पडले पाहिजे की शब्द कानावर पडताच त्याची मान वळावी. पुढे दूरवर चरणारी गुरे किंवा पक्षी दिसतील अशा जागी लीशवर उभे राहून, कुत्र्याने तिकडे पाहिले आणि स्वतःहून नजर आपल्याकडे आणली की त्याला बक्षीस द्यावे. त्याची नाक वापरण्याची हौसही दाबू नये. वाटेच्या कडेच्या गवतात खाऊचे तुकडे टाकून शोधायला लावले, तर तीच हौस सुरक्षित मार्गाने भागते.

रानात शिरल्यावर

आजूबाजूच्या खुणा वाचत चालावे. दोन भागांत दुभंगलेल्या खुरांचे ताजे ठसे, चकचकीत ओल्या लेंड्या, कोवळ्या झाडांच्या सालीवर शिंगे घासल्याचे ओरखडे आणि ठरावीक उंचीपर्यंत खुडलेली पाने दिसली, की लीश आखूड करावी. हरणांचे इशारेही ओळखता आले पाहिजेत. भेकराचे आणि रो हरणाचे ओरडणे कुत्र्याच्या भुंकण्यासारखे असते. ते ऐकून पाळीव कुत्राही चाळवतो. चितळाची हाक तीक्ष्ण असते. पुढचा पाय जमिनीवर आपटणारे हरीण तुम्हाला पाहून अस्वस्थ झालेले असते.

वाऱ्याच्या बाबतीत निसर्गनिरीक्षकाच्या अगदी उलट वागावे. हरणे पाहायला जाणारा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालतो, म्हणजे त्याचा वास हरणांपर्यंत पोहोचत नाही. कुत्रा बरोबर असताना शक्यतो वारा पाठीवर घेऊन चालावे. तुमचा वास पुढे जातो, हरणे वेळेवर सावध होऊन शांतपणे बाजूला होतात आणि पुढच्या हरणांचा वास कुत्र्याच्या नाकात शिरत नाही. वळणांवर हलक्या आवाजात बोलत जाणेही त्यासाठीच चांगले. हरणाला सर्वांत वाईट पडते ते अगदी जवळ येईपर्यंत चाहूल न लागणे.

एक नजर मात्र सतत कुत्र्यावर असू द्यावी, कारण हरीण आहे हे त्याला आपल्या कितीतरी आधी समजते. धापा टाकणारे तोंड एकदम मिटते. नाकपुड्या हलू लागतात, कान पुढे येतात, शेपटी हलायची थांबून ताठ होते, एखादा पुढचा पाय उचललेला राहतो आणि शरीराचे वजन पुढे झुकते. हाक ऐकू येण्याची शक्यता असते ती याच एकदोन क्षणांत. तोंड मिटताच मागे वळण्याचा शब्द उच्चारावा आणि दहा-पंधरा पावले उलट चालून मग खाऊ द्यावा.

हरीण समोर आले तर

थांबावे, दोर गोळा करून कुत्र्याला आपल्या शरीराच्या आड घ्यावे आणि आल्या वाटेने शांतपणे मागे फिरावे किंवा लांब वळसा घालावा. लंडनच्या शाही उद्यानांत हरणांपासून किमान पन्नास मीटर दूर राहण्याची सूचना आहे; कुत्रा बरोबर असताना याहून जास्त अंतर ठेवणेच बरे. छायाचित्रासाठी पुढे सरकू नये. कळपाच्या मधून, आई आणि पाडसाच्या मधून किंवा माजावर आलेला नर आणि त्याच्या माद्या यांच्या मधून कधीही जाऊ नये. माजाच्या काळात नराची भीती कमी झालेली असते, आणि पाडस जपणारी मादी तर कुत्र्यावर पुढच्या खुरांनी चाल करून येते. हरणाने खरोखरच हल्ला केला, तर लीश सोडून द्यावी. मोकळा कुत्रा हरणापेक्षा चपळाईने वळून निसटू शकतो. बांधलेला कुत्रा मात्र हरणाला थेट माणसावर आणतो.

पाडसाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत अनेक जातींची पाडसे पळत नाहीत. गवतात किंवा पाचोळ्यात मान जमिनीला टेकवून निश्चल पडून राहतात. आई त्याला चाटून स्वच्छ ठेवते, त्याचे मलमूत्रही खाऊन टाकते, जेणेकरून वास राहू नये. धोका जवळ आला की पाडसाच्या हृदयाचे ठोके एकदम मंद होतात. आई दिवसाचा बराच वेळ दूर चरते आणि पाजण्यापुरती परत येते. म्हणून एकटे दिसणारे पाडस टाकून दिलेले नसते. त्याला हात लावू नये, उचलू नये, त्याच्याजवळ थांबूनही राहू नये. कुत्र्याला घेऊन लगेच दूर जावे, कारण तुम्ही तेथे आहात तोवर आई परत येणार नाही. जखम दिसत असेल किंवा आई जवळच मेलेली असेल, तरच वनखात्याला अथवा वन्यजीव बचाव करणाऱ्यांना कळवावे आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे वागावे.

कुत्रा सुटलाच तर

त्याच्या मागे धावू नये आणि ओरडू नये. मागून येणारा आवाज त्याला पाठलागातली साथ वाटू शकतो. ठरलेली शिटी वाजवावी, मध्ये थांबून ऐकावे आणि पुन्हा वाजवावी. कुत्रे बहुधा आपल्याच वासाच्या मागावरून सुटलेल्या जागी परत येतात, म्हणून कोणीतरी एकाने तेथेच थांबावे. एकटे असाल आणि जावेच लागले, तर अंगातला एखादा कपडा तेथे ठेवावा. गळ्यातील पट्ट्यावर चालू फोन क्रमांक, कातडीखालील मायक्रोचिपची अद्ययावत नोंद आणि शक्य असल्यास जीपीएस यंत्र, ही तयारी अशा वेळी कामी येते. जवळ रस्ता असेल किंवा हरीण जखमी झाल्याचे दिसले असेल, तर ताबडतोब वनरक्षकांना सांगावे. दंडाच्या भीतीने हे लपवले, तर ते हरीण विनाकारण तडफडत राहते.

विष्ठा, शिंगे आणि गोचिडी

रानात विष्ठा तशीच खत होईल, ही समजूत चुकीची आहे. बेल्जियममध्ये शहरालगतच्या संरक्षित रानांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सरासरी ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत जात असल्याचा अंदाज निघाला. अशा जादा पोषणाने सुपीक मातीत फोफावणाऱ्या मोजक्या वनस्पती वाढतात आणि बाकीच्या मागे पडतात. विष्ठा पिशवीत घेऊन रानाबाहेर आणावी. भरलेली पिशवी फांदीला टांगून ठेवू नये. कुत्र्याला हरणांच्या लेंड्या आणि मृत प्राण्यांचे अवशेष खाऊ देऊ नयेत, कारण त्यांतून जंत व इतर परजीवी येऊ शकतात. गळून पडलेले शिंग चघळायला देणेही टाळावे. ते इतके कठीण असते की मागची दाढ उभी चिरते.

परतल्यावरचे महत्त्वाचे काम गोचिडी शोधण्याचे. हरणांच्या अंगावर प्रौढ गोचिडींना रक्त मिळते, त्यामुळे हरणांच्या रानात गोचिडी पुष्कळ असतात. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे जिवाणू गोचिडी हरणांकडून नव्हे, तर मुख्यतः उंदरांसारख्या लहान प्राण्यांकडून उचलतात. गोचिडींची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असू शकतात, म्हणून नुसते पाहून भागत नाही. बोटांच्या टोकांनी केस उलटे सारत कानांच्या आत, पापण्यांवर, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी चाचपावे. गोचीड सापडली तर टोकदार चिमटा कातडीला अगदी लगटून धरावा आणि न पिळता, सावकाश सरळ वर ओढावी. तेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये, नखांनी चिरडू नये. जागा जंतुनाशकाने पुसून हात धुवावेत आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या काही आठवड्यांत ताप, लंगडणे, सुस्ती, फिक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसली, तर ती तारीख पशुवैद्याला सांगावी. गोचीडविरोधी औषध कुत्र्याच्या वजनाप्रमाणे आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. घरात मांजर असेल तर तेही आधी सांगावे, कारण परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेली कुत्र्यांची औषधे मांजराच्या जिवावर बेततात.